फ्रिजचा पहिला महिना

माझ्या बायकोच्या मामांइतका दुसऱ्यांच्या पगाराचा जाणकार मुलुंडपासून दहिसरपर्यंत शोधूनही सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे या गृहस्थांनी आयुष्यात कुणालाही 'पगार किती?' असं विचारलेलं नाही. त्यांना विचारायची गरजच पडायची नाही. ते जिन्याखाली जायचे, मीटररूमची कडी काढायचे, चष्मा कपाळावर सरकवून एकेका मीटरपुढे क्षणभर उभे राहायचे आणि बाहेर यायचे ते कुणाला बढती मिळाली, कुणाचं इन्क्रिमेंट यंदा हुकलं, कुणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली आणि 'सध्या जरा टाइट आहे हो' म्हणत कोण नवा गिझर बसवून मोकळा झाला, ही सगळी बातमी घेऊनच. मामा एकतीस वर्षं वीज कंपनीत मीटर रीडर होते. ते निवृत्त झाले ते फक्त कंपनीच्या कागदांत. रोज सकाळी फिरून आल्यावर एकदा आणि संध्याकाळी भाजीला जाताना एकदा, आमच्या बिल्डिंगमधल्या सोळाच्या सोळा मीटरांचं रीडिंग ते एका जाडजूड डायरीत टिपून ठेवायचे. कशासाठी, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वैद्य म्हातारा झाला म्हणून नाडी बघायची सोडतो का रे?" पूर्वीच्या मीटरात चकती फिरायची. तिच्याकडे नुसतं बघून आत इस्त्री चालू आहे की मिक्सर, हे मामा सांगत. चकतीचे मीटर जाऊन लाल दिवा लुकलुकणारे मीटर आले तेव्हा ते महिनाभर उदास होते. मग त्यांनी त्या दिव्याचीही भाषा शिकून घेतली.

मामांचं एक शास्त्र होतं. माणसाच्या कमाईची एक शिडी असते आणि ती भिंतीवरच्या बटणांची बनलेली असते, असं ते म्हणत. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्याकडे रीडिंगला दहिसरच्या चाळी होत्या, मग साकीनाक्याचे वर्कशॉपचे गाळे, मग घाटकोपर, मग शेवटी ते टॉवर, जिथे लिफ्टने वर जाताना त्यांच्या कानाला दडे बसत. सगळीकडे शिडी तीच. "पहिला पगार आला की पंखा. नोकरीत पर्मनंट झाला की टीव्ही. बायकोही कमवायला लागली की फ्रिज. पोरगं नोकरीला लागलं की गिझर. आणि गिझरपर्यंत पोचलेला माणूस एसी घेतल्याशिवाय मरत नाही." घासलेटच्या रांगेतून एकदा गॅसच्या नंबरात गेलेली बाई परत स्टोव्हला पिन मारायला बसत नाही, हेही त्यांनी घरोघरी पाहिलं होतं. उतरताना मात्र क्रम उलटा. पगार गेला की पहिला एसी बंद होतो, मग गिझर, आणि फ्रिज बंद करायची पाळी आली की शेजाऱ्यांनी काही न बोलता डाळ-तांदूळ नेऊन द्यावेत, असं मामांचं मत होतं. श्रीमंत कोण, याची त्यांनी केलेली व्याख्या मला अजून तोंडपाठ आहे. "ज्याला आपलं लाइट बिल किती येतं ते माहीत नसतं तो श्रीमंत. ज्याला आपलं माहीत असतं तो मध्यमवर्गीय. आणि ज्याला शेजाऱ्याचंही माहीत असतं तो गरीब." या हिशोबाने आमच्या बिल्डिंगमधले सर्वांत गरीब मामाच ठरतात, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

स्वतः मामा त्या शिडीच्या खालच्याच पायरीवर चहा पीत बसलेले. पेन्शन चांगली होती, मुलगी नाशिकला सुखात होती, मामी गेल्यापासून घरात एकटेच. पण घरात एक पंखा आणि एक ट्यूबलाइट. कुणाच्याही घरी गेले तरी बेल दाबत नसत. कडी वाजवत. "बेलला करंट लागतो आणि कडीला मनगट लागतं. मनगट फुकट आहे." आपण पाहुणचाराला चहा टाकायला आत गेलो की तेवढ्या वेळात बैठकीतला पंखा बंद झालेला असायचा आणि मामा वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले असायचे. बातम्या बघायला ते वरच्या मजल्यावर आमच्याकडे यायचे. "तुमचा टीव्ही चालूच आहे. दोन डोळे जास्त बघितले म्हणून युनिट वाढत नाहीत." चुलत मेहुणीच्या लग्नात हॉलवर केवढी रोषणाई होती, आणि सगळे मंगलाष्टकांना अंतरपाटाभोवती जमलेले असताना मामा सापडेनात. ते हॉलच्या मागे जनरेटरवाल्याला 'डिझेल किती पितो रे हा?' असं विचारत उभे होते. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या.

सोसायटीच्या वार्षिक सभेत एकदा मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले आणि आपण साधी माणसं आहोत, महागाई काय, मुलांच्या फिया काय, असं इतक्या गहिवरून बोलले की सेक्रेटरीबाईंचेही डोळे पाणावले. ठराव पडणार, एवढ्यात मागच्या खुर्चीवरून मामा म्हणाले, "साधी माणसं दोन एसी लावून झोपतात हे मला नवीन आहे." सभेत हशा पिकला. गृहस्थ लालबुंद झाले. ठराव पास झाला, आणि त्याच सभेत मीटररूमला कुलूप लावायचा दुसरा ठरावही पास झाला. कुलपाची किल्ली कुणाकडे ठेवायची, यावर बराच खल झाला. दिवसभर घरी असणारा जबाबदार माणूस हवा होता. शेवटी किल्ली मामांकडेच आली.

आता मला हे सांगायलाच हवं की माझं लग्न याच मीटरविद्येने जमलं. बायकोकडची मंडळी आमचं घाटकोपरचं घर बघायला आली होती. आईने बटाटेपोहे केले होते आणि बाबांनी, उभ्या वर्षात जो पाहुण्यांशिवाय कधी लागला नाही, तो एसी सकाळपासून लावून ठेवला होता. मामांनी 'जरा हात धुऊन येतो' म्हणून सांगितलं आणि गेले ते थेट दाराबाहेर, पॅसेजमध्ये. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा त्यांचे हात कोरडेच होते. घरी गेल्यावर त्यांनी निकाल दिला: "चकती आज गरगरतेय, पण एकूण आकडा बघितला तर मीटर वर्षभर झोपलेला आहे. म्हणजे घरात पैसा आहे आणि माज नाही. डोळे मिटून होकार द्या." होकार आला. माझी बायको आजही उकडायला लागलं की म्हणते, "मामाचं रीडिंग बरोबर होतं रे. अर्थ चुकला." पुढे आम्ही मुलुंडला जागा घेतली तीसुद्धा मामांच्या बिल्डिंगमध्ये, बरोबर त्यांच्या डोक्यावर, आणि ही जागा चांगली म्हणून पटवताना त्यांनी सांगितलेलं पहिलं कारण म्हणजे मीटररूम कोरडी आहे.

मामांच्या या सगळ्या शास्त्रात एक मोठ्ठं भोक होतं, आणि ते त्यांच्याच स्वयंपाकघरात घरघरत उभं होतं. फिकट हिरव्या रंगाचा, एका दाराचा, कडा गंजलेला एक जुनाट फ्रिज. एकट्या माणसाच्या घरात भाजी ती किती, दूध ते किती? फ्रिज उघडला की आत नुसत्या पाण्याच्या बाटल्या. उरलेल्या अख्ख्या घरापेक्षा जास्त वीज तो एकटा खात असे आणि आपली डायरी ते सांगते हे मामांना पक्कं ठाऊक होतं. मी डिवचलं, "मामा, आधी हे धूड काढा, मग लोकांचे पंखे बंद करा." ते माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. म्हणाले, बस, सांगतो.

नोकरीला लागले तेव्हा मामा रोजंदारीवर होते. ऐन मे महिन्यात दहिसरला चार मजले चढून एका घरी त्यांनी पाणी मागितलं. त्या घरी नुकताच फ्रिज आला होता. बाईंनी स्टीलच्या पेल्यातून इतकं गार पाणी दिलं की मामांच्या हिरड्या दुखल्या. आणखी घ्या, आणखी घ्या, करत तिने तीन पेले पाजले. पुढच्या महिन्यात त्याच दारात त्यांना माठातलं पाणी मिळालं. त्याच्या पुढच्या महिन्यात बाईंनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाल्या, सारखा उघडला की फ्रिज खराब होतो. "नंतर मी हे शंभर घरांत बघितलं," मामा म्हणाले. "फ्रिज येतो तो पहिला महिना लोक रस्त्यावरच्या माणसाला पण बोलावून गार पाणी देतात. मग मन आत जातं. बाई वाईट नव्हती रे. ती वर चढली होती, एवढंच. मी पर्मनंट झालो, पगार वाढला, हा फ्रिज घेतला तेव्हा तुझ्या मामीला सांगितलं, आपण पहिला महिना संपवायचा नाही." आणि खरंच, दुपारी मामांचं दार अर्धवट उघडं असायचं. कुरियरवाले, सिलिंडर चढवणारे, पार्सल पोचवणारे, नवीन मीटर रीडर, सगळ्यांना पहिल्या मजल्यावरचा हिरवा फ्रिज माहीत होता. पाणी पिऊन झालं की मामा प्रत्येकाला विचारत, "अजून?"

एका उन्हाळ्यात माझी नोकरी गेली. अंधेरीच्या ऑफिसात एका शुक्रवारी आम्हा सात जणांना आत बोलावून, आमच्याबद्दल फार चांगलं बोलून, घरी पाठवण्यात आलं. घरी सांगायचं धाडस मला झालं नाही. मुलीची दहावी, फ्लॅटचा हप्ता, आणि बायकोच्या चेहऱ्यावरचा तो विश्वास. आज सांगू, उद्या सांगू करता करता मी सोमवारी सकाळी डबा घेऊन, बूट घालून, ऑफिसला निघालो. बागेत जाऊन बसलो. साडेदहाला बायको बँकेत आणि मुलगी क्लासला गेली की मी हळूच घरी परतायचो, डबा खायचो, लॅपटॉपवर नोकऱ्या शोधायचो. दोन अर्ज केले की अंगातलं बळ संपायचं. मग एसी लावून, डोक्यावरून चादर घेऊन पडून राहायचो. साडेपाचला परत बूट घालून बाहेर, आणि सात वाजता ऑफिसचा थकलेला चेहरा घेऊन आत. नोकरी होती तेव्हासुद्धा मी इतका वेळेवर कधी आलो-गेलो नव्हतो. जिन्यात कुणाला चाहूल लागू नये म्हणून मी बूट हातात घेऊन चढायचो. सगळी काळजी घेतली, फक्त मीटर विसरलो.

तीन आठवड्यांनी, सकाळी डबा घेऊन खाली उतरलो तर मामा मीटररूमच्या दारात उभे. हातात डायरी. मामा मला एरवी अरेतुरे करतात; 'जावईबापू' म्हटलं की समजावं, काहीतरी शिजतंय.

"जावईबापू, दुपारी तुमच्या घरी कोण असतं?"

"कोणी नाही मामा. पिंकी बँकेत, मुलगी क्लासला."

"असं? मग त्या कोणी-नाहीला सांगा, एसी सव्वीसवर ठेव म्हणावं."

माझ्या हातातला डबा पडायचाच बाकी होता. मामांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "एकतीस वर्षं मी बघितलं, पगार गेला की पहिला एसी बंद होतो. तुझा एसी सुरू झाला. माझ्या सगळ्या शास्त्राची वाट लावलीस तू. रात्रभर विचार केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. याचा पगार गेलाय, पण घरी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर पिंकीने एसी लावू दिला असता होय?"

मी मान खाली घातली. मामांनी डायरी मिटली. म्हणाले, "डबा घेऊन बागेत बसत असशील. नको बसू, ऊन लागेल. माझ्याकडे ये. पंखा चालूच असतो, एकाला लागतो तेवढाच दोघांना लागतो." त्या दिवसापासून मी दुपारी मामांकडे. ते मला माझे अर्ज मोठ्याने वाचून दाखवायला लावायचे. 'डायनॅमिक' म्हणजे काय, असं विचारायचे. माझा 'स्वतःविषयी' हा परिच्छेद ऐकून म्हणाले, "हा माणूस कोण आहे? याला मी कधी भेटलेलो नाही." मी कितीतरी दिवसांनी हसलो. अधूनमधून दारात कुणी यायचं, मी उठून गार पाणी द्यायचो. 'सांगितलंस का?' एवढं मामा रोज विचारत आणि मी रोज 'उद्या' म्हणत असे.

मग महिन्याचं बिल आलं. रविवारी सकाळी मामा चहाला आले होते आणि बायकोने बिल त्यांच्या पुढ्यात धरलं. "मामा, बघ ना रे. दिवसभर घरात कुणी नसतं आणि एवढे युनिट? आपला मीटर फास्ट झालाय का?"

मी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. पेपर उलटा होता की सुलटा, मला आठवत नाही. हे लक्षात घ्या, की या माणसाने उभ्या नोकरीत एक आकडा चुकीचा लिहिला नव्हता. साकीनाक्याच्या गाळेवाल्यांनी मिठाईचे खोके पुढे केले, एका बिल्डरच्या माणसाने दमदाटी केली, तरी नाही. मीटर फास्ट आहे अशी तक्रार कुणी केली तर त्यांना स्वतःला शिवी दिल्यासारखं लागायचं. 'मीटर पळत नाही, माणसं पळतात,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मामांनी बिल घेतलं. चष्मा कपाळावरून खाली ओढला. बराच वेळ बघत राहिले.

"फास्ट आहे," ते म्हणाले.

"अरे, तूच म्हणतोस ना की मीटर पळत नाही?"

"हा पळतो. असतो एखादा खराब."

एवढं बोलून मामा उठले. चहा अर्धा तसाच राहिला. त्यांनी चहा अर्धवट सोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तर पंखा बंद होता आणि मामा घामाने निथळत खुर्चीवर बसले होते. "तुझ्यासाठी मी एका चांगल्या मीटरचं नाव खराब केलं," ते म्हणाले. "तो बिचारा रात्रंदिवस खरं सांगतोय आणि मी भाचीच्या तोंडावर त्याला खोटा ठरवला. ती आता तक्रार करणार, कंपनीचा माणूस येणार, मीटर तपासणार. तो पास होणार रे. मग खोटा कोण?" मला तेव्हा माझी नोकरी गेल्याचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं त्या घामाचं वाटलं. मी म्हटलं, "मामा, आज सांगतो." त्यांनी उठून पंखा लावला.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. बाग, डबा, हातात धरलेले बूट, सगळं. ती ऐकत राहिली. मग उठली, बेडरूममध्ये गेली आणि तिने एसी बंद केला. मामांचं शास्त्र रुळावर आलं होतं. बाहेर आली ती रडत आणि भांडत, दोन्ही एकदमच. "मला नाही सांगितलंस! मीटरला सांगितलंस!" खूप भांडलो आम्ही. नंतर जेवलोही. आणि पहिल्यांदाच मला रात्री एसीशिवाय झोप लागली. पुढे चार महिन्यांनी साकीनाक्याला एका छोट्या कंपनीत नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी. आमचा एसी परत सुरू झाला तो पुढच्या वर्षी, आणि त्याची खबर नेहमीप्रमाणे आधी मामांना लागली.

गेल्या वर्षी मामा बाथरूममध्ये घसरले. कंबर दुखावली आणि मुलीने त्यांना नाशिकला नेलं. जाताना त्यांनी मला घराची आणि मीटररूमची किल्ली दिली. गाडीत बसवेपर्यंत त्यांचं एकच चाललं होतं: "फ्रिज बंद करू नकोस. बाटल्या भरत जा. कडी वाजली की बघ." मी म्हटलं, बघतो. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला त्यांचा फोन यायचा. तब्येत-बिब्येत काही नाही, थेट "रीडिंग सांग." मी खाली जाऊन त्यांच्या मीटरचा आकडा सांगायचो, ते लिहून घ्यायचे आणि मागच्या महिन्यातून वजा करून म्हणायचे, "ठीक. चालतोय." त्यांना वाटे, फ्रिज आहे तोवर आपण मुलुंडलाच राहतो, नाशिकला नुसते पाहुणे आलोय. तसं ते बोलले नाहीत कधी, पण मला ते कळायचं.

यंदा सप्टेंबर संपता संपता फ्रिजची घरघर थांबली. मी साकीनाक्याहून ओळखीचा मेकॅनिक आणला. त्याने मागची जाळी काढली, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "भाऊ, ह्याला आता हात जोडा." बायको म्हणाली, मामाला सांगून टाक. मी हो म्हटलं. ऑक्टोबरचा महिना संपला, एक तारीख आली, फोन वाजला, तरी सांगणं राहूनच गेलं होतं. मामांचा आवाज अलीकडे बारीक झालाय.

"रीडिंग सांग रे."

मीटर महिनाभर जवळजवळ जागेवरच होता. मी आदल्या रात्री कागदावर मागच्या महिन्याएवढे युनिट मिळवून ठेवले होते. तो आकडा सांगितला. पलीकडे वजाबाकी चालली होती.

"जावईबापू," मामा म्हणाले. "ऑक्टोबरात ऊन वाढतं. कॉम्प्रेसर जास्त खातो. तुम्ही सप्टेंबरचेच युनिट धरलेत."

स्वयंपाकघरात बायको आमच्या फ्रिजमध्ये बाटल्या लावत होती. महिनाभर ती ते रोज करत होती आणि दुपारी आमचं दार अर्धवट उघडं राहत होतं. खालच्या मजल्यावर कडी वाजवून उभ्या राहणाऱ्यांना कॉलेजातून आलेली मुलगी वरून हाक मारायची. तेवढं मात्र मी सांगितलं.

"गार असतं का पाणी?"

"हिरड्या दुखतात मामा."

"अजून हवं का, विचारतेस ना म्हणावं पोरीला?"

"विचारते. पहिलाच महिना चालू आहे आमचा."

पलीकडे त्यांनी पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला. डायरीची पानं उलटली.

"बरं," मामा म्हणाले. "तो आकडा परत सांग. लिहून घेतो."